म्हातारपणीही पुस्तक आपल्याच हातात हवे



वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. कित्येक वर्षे हे वाचन तात्यांकडेच होते. तात्या म्हणजे आमच्या शेजारच्या चाळीतील जुने गिरणी कामगार. आज वय ८० च्या पुढे आहे. गिरणीत लागले तेव्हा त्यांना सहीसुद्धा करता येत नव्हती, पगाराच्या वहीत अंगठा उमटवीत. पाळी संपली की रात्रशाळेत जाऊन बसायचे. अशा रीतीने पाटीवर अक्षरे गिरवीत ते वयाच्या पंचविशीत वाचायला शिकले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात नोकरी गेली, पुढे वॉचमनकी करून त्यांनी मुले वाढविली. पण वाचन काही सुटले नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वाचन चालू असताना माझ्या लक्षात आले, की तात्यांनी बराच वेळ पान उलटलेले नाही. वाचनात मात्र कुठेही खंड नव्हता. मी हळूच त्यांच्या पाठीमागे जाऊन बसलो. पाहतो तो समोर एक प्रकरण उघडे आणि तात्या म्हणत होते दुसरेच! ग्रंथ त्यांना पाठ झाला होता, पण अक्षरे दिसत नव्हती.

पुढच्या आठवड्यात तात्यांनी घसा बसल्याचे कारण सांगितले आणि वाचनाचे काम सोडले. घसा ठणठणीत होता, हे मला ठाऊक होते. ज्या माणसाने तरुणपणी 'तुला वाचता येत नाही' हा अपमान सोसला, त्याला म्हातारपणी पुन्हा तेच वाक्य चारचौघांत स्वतःच्या तोंडाने बोलायचे नव्हते. एवढाच त्याचा अर्थ होता.

वाचकहो, असे तात्या आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. कुणाची नजर गेली, कुणाचा हात थरथरतो, कुणाचे अर्धे अंग लुळे पडले. आपण काय म्हणतो? 'आता वय झालं, वाचून काय करायचंय? टीव्ही बघा.' आपल्या लोकांना अक्षरे सहजासहजी मिळालेली नाहीत, आणि म्हणूनच ती हातची जाताना आपण गप्प बसू नये. आज यावर उपाय आहेत. त्यांपैकी ई-रीडर आणि मोबाईल या दोन साधनांविषयी आम्हाला जो अनुभव आला, तो येथे सांगतो. आमची झालेली चूकही सांगतो.

आधी डॉक्टर, मग यंत्र

पहिली गोष्ट अशी, की अक्षर दिसत नाही म्हटल्यावर थेट यंत्र विकत घ्यायला धावू नका. आधी डोळे तपासा. पुष्कळदा नुसता चष्म्याचा नंबर बदललेला असतो. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनने दृष्टी परत येते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून चालू आहे आणि शासकीय रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होते. 'मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो' हा जुना समज आता सोडून द्यावा. काचबिंदूचे तसे नाही. त्याने गेलेली नजर परत मिळत नाही. उरलेली तेवढी औषधाने सांभाळता येते, म्हणून उशीर करू नये. मधुमेह असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करावीच करावी.

तात्यांना घेऊन मी आणि त्यांचा मुलगा रुग्णालयात गेलो. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डावा डोळा मात्र काचबिंदूने खाल्लेला निघाला. उजव्या डोळ्याचा पडदाही मधोमध वयोमानाने झिजला होता. डॉक्टर म्हणाले, "चष्म्याने आता यापुढे सुधारणा नाही. अक्षर खूप मोठे आणि ठळक असेल तर हे वाचू शकतील."

छापील ग्रंथाचे अक्षर आपण मोठे कसे करणार? भिंग आणले. भिंगातून एका वेळी दोन-तीन शब्द दिसत, आणि हात हलला की ओळ सुटे. चार दिवसांत ते भिंग नातवाच्या खेळण्यांत गेले.

ई-रीडर म्हणजे काय?

तेव्हा ई-रीडरची माहिती काढली. ही पाटीसारखी एक चपटी वस्तू असते. तिच्यात शेकडो पुस्तके मावतात. दिसायला मोबाईलसारखी, पण आतली रीत वेगळी. मोबाईलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात अतिशय बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे व पांढरे कण असतात. विजेच्या इशाऱ्याने काळे कण वर आले की तेथे अक्षर उमटते. पान पालटतानाच काय ती वीज लागते. म्हणून एकदा चार्ज केले की कित्येक दिवस, पुष्कळदा काही आठवडे चालते. कागदासारखेच ते बाहेरच्या उजेडात वाचता येते, उन्हात तर अधिकच स्पष्ट. रात्रीसाठी पानावर उजेड पसरविणारे बारीक दिवे बहुतेक यंत्रांत असतात आणि तो उजेड कमी-जास्त करता येतो.

हा शोध तसा जुना आहे. अशी विजेची शाई बनविणारी ई-इंक कंपनी अमेरिकेत १९९७ साली निघाली. तिचा पडदा वापरलेले सोनीचे यंत्र २००४ मध्ये जपानमध्ये आले आणि अॅमेझॉनचे किंडल २००७ च्या नोव्हेंबरात. किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन उघडले ते २०१६ च्या डिसेंबरात. आपल्यापर्यंत गोष्टी उशिरा येतात, पण येतात.

वृद्धांना याचा उपयोग तीन प्रकारे होतो. एक, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात, पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागत नाही. दोन, ओळींतले अंतर वाढविता येते, अक्षर ठळक करता येते. कुणाला पांढऱ्या पानाची तिरीप सहन होत नसेल, तर बऱ्याच यंत्रांत काळ्या पानावर पांढरी अक्षरेही करता येतात. तीन, वजन. लहान ई-रीडरचे वजन साधारण १६० ते २०० ग्रॅम भरते. शे-पाचशे पानी ग्रंथ किती जड असतो, ते संधिवात झालेल्या बोटांना विचारावे.

माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. पुस्तक एका हाताने धरायचे आणि त्याच हाताने पान उलटायचे, हे जमेना. पुस्तक मिटून जाई आणि अक्का रडकुंडीला येत. आता त्या ई-रीडर पोळपाटाला टेकवून उभा ठेवतात आणि डाव्या हाताच्या एका बोटाने कडेला टेकवतात, की पान पालटते. झोपण्यापूर्वी अर्धा तास त्या वाचतात आणि त्या वेळी कुणी मध्ये बोललेले त्यांना खपत नाही.

आमची चूक

आता चुकीकडे वळतो. आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून तात्यांसाठी ई-रीडर घेतला. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात शाल, पुष्पगुच्छ आणि यंत्र देऊन सत्कार केला. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. मोठे कार्य केल्याच्या समाधानात आम्ही घरी गेलो.

तीन महिन्यांनी तात्यांकडे सहज गेलो. ई-रीडर त्याच शालीत गुंडाळून कपाटात ठेवलेला. चार्ज केव्हाच संपलेला. मी विचारले, तर तात्या म्हणाले, "अरे बाबा, तुम्हा पोरांच्या वर्गणीचं यंत्र ते. माझ्या हातून बिघडलं तर काय तोंड दाखवू? त्यापेक्षा आहे तसं राहू दे."

मी पडलो कारकून, दिवसभर जमा-खर्च लिहिणारा. त्या दिवशी हिशेबातली माझी चूक मला कळली. पैशाची वर्गणी आम्ही सर्वांनी दिली होती, वेळेची वर्गणी एकानेही दिली नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या हातात नवी वस्तू देऊन निघून जाणे, ही मदत नव्हेच.

काम केले ते तात्यांच्या नातीने. पोरगी कॉलेजात शिकते. तिने पंधरा दिवस रोज संध्याकाळी अर्धा तास आजोबांजवळ बसायचे ठरविले. पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी शिकविल्या. चालू कसे करायचे, पान कसे पालटायचे, अक्षर मोठे कसे करायचे. बाकी काहीही नाही. चालू करण्याचे बटण बोटाला सापडत नव्हते, तर त्याच्या शेजारी आपल्या कपाळाची टिकली काढून चिकटविली. चुकले तरी स्वतः हात घातला नाही. "आजोबा, पुन्हा करा, काही बिघडत नाही," एवढेच म्हणत राहिली. यंत्र शिकविण्याची याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही.

फाइल कोणती, ते आधी पाहा

यंत्र चालू झाले, आता पुस्तक कोठून आणायचे? येथे आपली माणसे हमखास फसतात. मोबाईलवर एकमेकांना पाठविली जाणारी बहुतेक पुस्तके पीडीएफ असतात. त्यांतही पुष्कळशी म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो. ती लहान पडद्यावर मोठी केली की अर्धी ओळ बाहेर जाते आणि वाचून दाखविणाऱ्या आवाजाला तर तेथे चित्रच दिसते, अक्षर दिसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे या मालेचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले. ते आज इंटरनेटवर मोफत मिळतात ही आनंदाची गोष्ट, पण त्या मोठ्या पानांच्या पीडीएफ आहेत. अधू नजरेच्या माणसाला त्या वाचणे जिकिरीचे होते.

म्हणून पुस्तक 'ईपब' प्रकारचे आहे का, ते विचारावे. त्यात मजकूर खरा अक्षररूप असतो, म्हणून अक्षर मोठे होते आणि आवाजालाही वाचता येते. दुसरी अडचण आपल्या मराठीची. संगणकावर पूर्वी वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँट वापरून मजकूर टाईप होत असे. तो कागदावर छापला की छान दिसतो, पण यंत्राला ती इंग्रजी अक्षरांची भेळ वाटते. युनिकोडमध्ये टाईप केलेले मराठी सर्वत्र चालते. आपल्यातील लहान प्रकाशक, स्मरणिका काढणारी मंडळे, पत्रके छापणारे कार्यकर्ते या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे, की यापुढे मजकूर युनिकोडमध्येच टाईप करून घ्या आणि छपाईबरोबर एक ईपब प्रतही काढा. खर्चात फारसा फरक पडत नाही, पण अधू नजरेच्या वाचकासाठी तुमचे दार उघडे राहते.

मोबाईलही वाचून दाखवतो

ई-रीडर सर्वांना परवडेल असे नाही. नव्या यंत्राला दहा-पंधरा हजार आणि त्याहूनही अधिक पडतात. पण अँड्रॉइड मोबाईल बहुतेक घरांत आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' नावाचा भाग असतो. तेथे अक्षर मोठे करण्याची सोय आहे. 'सिलेक्ट टू स्पीक' चालू केले, की आपण पडद्यावर जो मजकूर निवडू तो फोन वाचून दाखवतो. 'टॉकबॅक' ही सोय पूर्ण अंध व्यक्तींसाठी आहे, तीत फोन पडद्यावरील प्रत्येक गोष्ट बोलून सांगतो. गूगलचा मराठी आवाजही मिळतो. मराठी ऐकायचे असेल तर महागड्या ई-रीडरपेक्षा हा फोनच अधिक कामाचा.

हे सारे आम्हाला कुणी शिकविले? आमच्याच वस्तीतील एका जन्मांध तरुणाने. बँकेच्या परीक्षेचा सगळा अभ्यास तो फोनच्या आवाजावर करतो. त्याचा फोन इतक्या वेगाने बोलतो, की आपल्याला एक शब्द कळू नये! त्याने नातीला बजावले, "टॉकबॅक चालू केलं की बोट लावायची रीत बदलते. एकदा टेकवलं की फक्त बोलणार, उघडायला दोनदा टेकवावं लागतं. म्हणून ज्यांना थोडं दिसतं त्यांना उगाच ते चालू करून देऊ नकोस, घाबरतील." ज्याला आपण बिचारा म्हणून रस्ता ओलांडून देतो, तो या विद्येत आपला गुरू आहे, हे त्या दिवशी उमगले.

कायदा आपल्या बाजूने आहे

तात्यांना हवा होता तोच ग्रंथ, विहारात वाचायचा तो. तो त्यांच्या ई-रीडरवर अक्षररूपात हवा होता. नातीने काय केले, तर छापील पानांचे फोटो काढले. फोटोतली देवनागरी ओळखणारी अॅप्स आता आहेत, त्यांच्यातून मजकूर काढला आणि चुका दुरुस्त करीत रोज थोडा थोडा भाग तयार केला. जुनी पुसट छपाई असली की जोडाक्षरांचा पार चुराडा होतो, तेथे तिने पुन्हा टाईप केले.

हे कायदेशीर आहे का, असे मला काहींनी विचारले. आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. छापील पुस्तक नेहमीच्या रूपात ज्यांना वाचता येत नाही अशा अपंग व्यक्तीसाठी नफा न घेता दुसऱ्या रूपातली प्रत करण्यास त्यानुसार मुभा आहे. मात्र अशी प्रत त्या व्यक्तीपुरतीच, सर्वांना वाटत सुटू नये. याच विषयावरचा माराकेश करार जून २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. त्या करारात केवळ अंधच नव्हे, तर हाताच्या अपंगत्वामुळे पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही, अशी माणसेही येतात. म्हणजे आमच्या अक्काही आल्या.

ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र शासनाने अशा वाचकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे इंटरनेटवरील ग्रंथालय सुरू केले. सभासद होताना अपंगत्वाचा दाखला हाताशी ठेवावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, पूर्वीच्या कायद्यात ते ७ च होते. तेव्हा 'आमच्या माणसाला दाखला मिळणार नाही' असे परस्पर ठरवून घरी बसू नका. केंद्राच्या एडिप योजनेतून अपंगांना साधने मिळतात, त्यासाठीही हा दाखला लागतो.

आणखी एक गोष्ट आपल्या सुशिक्षित तरुणांसाठी. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे स्वतःचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून कॉपीराइटमधून मुक्त झाले आहे. अनुवादांचे हक्क वेगळे असतात, ते पाहावे लागेल. पण मूळ लेखन मोठ्या अक्षराच्या ईपबमध्ये आणायला आता कुणाची आडकाठी नाही. अखेरच्या वर्षांत मधुमेहाने बाबासाहेबांची स्वतःची दृष्टी मंदावत गेली होती, तरी ग्रंथ त्यांनी हातावेगळा केला नाही. मंद नजरेच्या वाचकांसाठी त्यांचे लेखन तयार करणे, यापेक्षा त्यांच्या जयंतीचे चांगले काम कोणते?

शेवटचा हिशेब

माझे सांगणे थोडक्यात असे. प्रत्येकाने यंत्र विकत घ्यावे असे मी म्हणत नाही. एका विहारात एक ई-रीडर ठेवला आणि पुस्तकासारखा आळीपाळीने दिला, तरी चार-पाच घरांचे काम भागेल. एक वही करावी. वस्तीत कोण वाचत होते आणि आता वाचत नाही, त्यांची नावे लिहावीत. प्रत्येक नावापुढे एका तरुणाचे किंवा तरुणीचे नाव लिहावे, पंधरा दिवस, रोज अर्धा तास. ही वेळेची वर्गणी. पैशाची वर्गणी त्यानंतर.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आपणच वाचून दाखवावे. अवश्य दाखवावे, ते प्रेमाचे काम आहे. पण दुसऱ्याने वाचून दाखविले, की त्याच्या सवडीने ऐकावे लागते. एखादे वाक्य पुन्हा ऐकावेसे वाटले तर भीड पडते. जन्मभर दुसऱ्यापुढे हात न पसरलेल्या माणसाला अक्षरासाठीही हात पसरायला लावू नये. त्याचे पुस्तक त्याच्या हातात, त्याच्या बोटाखाली असावे.

गेल्या वर्षावासात एका संध्याकाळी तात्या ई-रीडर घेऊन विहारात आले आणि काही न बोलता आपल्या जुन्या जागेवर बसले. अक्षर एवढे मोठे केलेले, की एका पानावर चार-पाच ओळीच मावत होत्या. पाठ म्हणताना ते अडखळत नसत, आता खरे वाचताना दोनदा अडखळले. थांबले, पुन्हा वाचले. आणि दर दोन मिनिटांनी पान पालटीत होते. मी मोजत होतो.

येत्या रविवारी आपापल्या घरात जरा निरखून पाहा. हातात पुस्तक घेऊन बसलेली आपली आजी, आपले आजोबा पान पालटतात ना?

जयभीम.